कमाटीबाग, ३४ माणसं आणि संकल्पभूमीचा वड : एका सहलीचं प्रकरण

हे प्रकरण मी लिहितेय कारण बडोद्याला येणाऱ्या मराठी मंडळींचे मला वर्षभर फोन असतात, ताई कमाटीबागेत काय काय बघायचं, किती वेळ लागतो, मुलांना आवडेल का. एका ग्रुपबरोबर जे झालं ते नीट मांडलं तर पुढच्यांना उपयोग होईल. माणसांची नावं, गाव आणि वर्ष मुद्दाम गाळलंय, बाकी सगळं जसं घडलं तसंच आहे.

पार्श्वभूमी

ग्रुप होता नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव बाजूच्या एका वाचक कट्ट्याचा. एकूण ३४ जण, त्यात सहा मुलं, सत्तरीच्या पुढचे सात जण, आणि बाकी मास्तर, दुकानदार, एक नर्स, दोन-तीन तरुण नोकरीवाले. म्होरके म्हणजे एक रिटायर्ड मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात म्हणून मीही सरच म्हणायचे. त्यांना बडोद्याची ओढ असणं साहजिकच होतं, कारण सयाजीराव महाराज मूळचे त्यांच्याच बाजूच्या कवळाण्याचे. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो बडोद्याचा महाराजा झाला, ही गोष्ट तिकडच्या प्रत्येक घरात सांगतात, आणि अभिमानाने सांगतात.

मी बडोद्यातच वाढले, दांडिया बाजारच्या बाजूला आमचं घर, आणि कमाटीबाग म्हणजे आमच्यासाठी रोजचं फिरणं. बोर्डावर सयाजीबाग लिहिलेलं असलं तरी बडोदेकर कमाटीबागच म्हणतो. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाग १८७९ सालची, विश्वामित्री नदीच्या काठावर, शंभर एकराच्या वर पसरलेली, स्टेशनपासून चालत जाता येईल इतकी जवळ. तेव्हा महाराज अवघे १५-१६ वर्षांचे होते, पूर्ण अधिकार त्यांना १८८१ च्या शेवटी मिळाले, तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. पुढे आत म्युझियम झालं, प्राणीसंग्रहालय आहे, फुलांचं घड्याळ आहे, तारांगण आहे, मुलांची छोटी ट्रेन आहे, आणि बाहेर चौकात महाराजांचा घोड्यावरचा पुतळा, ज्याला सगळे काळा घोडा म्हणतात. पावसाळ्यात नदीची पातळी किती फूट झाली हे त्या काळ्या घोड्याच्या पुलाशीच मोजतात आणि अख्खं शहर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. नदीत मगरी आहेत, भरपूर आहेत, भर शहरातल्या नदीत एवढ्या मगरी असणं ही फारच वेगळी गोष्ट आहे, म्हणून काठाला जायचं नाही हे मी आधीच सगळ्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं.

आणि याच बागेत संकल्पभूमी आहे, तो वड. इथून पुढचं सगळं प्रकरण त्या वडाभोवतीच फिरतं.

वडाची गोष्ट

ही आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून थोडी थांबते इथे.

१९१३ साली बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला स्कॉलरशिप दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार. कोलंबियाला शिकून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून, करार पाळायला ते १९१७ साली बडोद्याला आले. वय २६. अकौंटंट जनरलच्या ऑफिसात प्रोबेशनर. आणि राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथल्या माणसाने पारशी नाव लावून रजिस्टरमध्ये नोंद केली, दीड रुपया रोज. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या अंधाऱ्या हॉलमध्ये एकट्याने, कंदिलाच्या उजेडात वाचत रात्री काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी लायब्ररीची पुस्तकं परत करायला घेऊन ऑफिसला निघतायत तर जिन्यावर डझनभर पारशी, हातात काठ्या. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची.

ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. हिंदू मित्र म्हणाला तू घरात आलास तर माझे नोकर जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला बायकोला विचारून सांगतो, आणि त्याचा अर्थ त्यांना कळला. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले जवळपास पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले, मन सुन्न, आईवडिलांची आठवण येत होती, आणि आठच्या सुमारास बागेतून निघाले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

ते या वडाखाली बसले आणि समाजासाठी आयुष्य द्यायचा संकल्प इथेच केला असं मानतात, म्हणून ही संकल्पभूमी. तो दिवस २३ सप्टेंबर १९१७ चा, म्हणून दरवर्षी २३ सप्टेंबर संकल्पदिन म्हणून पाळतात, त्या दिवशी महाराष्ट्रातूनही लोक येतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने या वडाच्या जागेला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करा अशी शिफारस केली, त्याच शिफारशीत साताऱ्याची ती शाळाही होती जिथे बाबासाहेब लहानपणी शिकले.

अडचण काय झाली

सरांनी पाठवलेल्या प्लॅनमध्ये सकाळी १० ला बागेत पोचणं, मग म्युझियम एक तास, प्राणीसंग्रहालय एक तास, जेवण, तारांगणाचा शो, मुलांची ट्रेन, फुलांचं घड्याळ, आणि शेवटी पावणेसहाला "संकल्पभूमी, १५ मिनिटं, फोटो". साडेसहाला बस परत. मी तो बघितला आणि ओके म्हटलं. ही पहिली चूक आणि ती माझी, कारण मला बाग माहीत होती आणि त्यांना नव्हती, एका तासात ते म्युझियम होत नाही हे मी सांगायला हवं होतं.

मग बस उशिरा आली. सापुताऱ्याच्या घाटात पाऊस, पुढे टायर पंक्चर, आणि १० ऐवजी १२:२० ला मंडळी काळ्या घोड्यापाशी उतरली, पाय आखडलेले, मुलं भुकेली. हातात उरले सहा तास.

पण खरी अडचण वेळेची नव्हतीच, ती उतरल्यावर दहा मिनिटांत कळली. ग्रुपमधली एक तरुण शिक्षिका, तिला मी इथे मॅडम म्हणते, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, आम्ही सहा जण फक्त वडासाठी आलोय. माझे बाबा तर त्यासाठीच पहिल्यांदा महाराष्ट्राबाहेर आलेत. प्लॅनमध्ये ते शेवटी आहे, उशीर झाला की शेवटचंच कट होतं." तिचे वडील बाजूलाच उभे होते, पांढरा शर्ट, हातात निळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, काही बोलले नाहीत.

आणि त्याच वेळी सर दुसऱ्या बाजूने मला सांगत होते की आपली मंडळी महाराजांची बाग आणि म्युझियम बघायला आलीत, ते नीट दाखवा. दोघांचंही बरोबर होतं. एकाच बसमधून दोन वेगळ्या यात्रा आल्या होत्या आणि हे महिनाभर फोनवर बोलूनही मला कळलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

सेवउसळ खाता खाता (बडोद्याला येऊन सेवउसळ नाही खाल्ली असं होऊ देत नाही मी) आम्ही तिघं बोललो, सर, मॅडम आणि मी.

सर म्हणाले सगळं ठेवू, फक्त पळत करू. म्हणजे प्रत्येक ठिकाणी २५-३० मिनिटं. पण गुडघे दुखणारी सात माणसं, एवढी मोठी बाग, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायलाच दहा-पंधरा मिनिटं, हे होणारच नव्हतं.

दुसरा पर्याय मी सुचवला, दोन ग्रुप करू, एक म्युझियमला, एक वडाकडे, मुलांना घेऊन तिसरा ट्रेनला. सोपा वाटतो, आणि बहुतेक टूरवाले हेच करतात. मॅडमनी लगेच नाही म्हटलं आणि त्यांचं कारण मला आजही लक्षात आहे, त्या म्हणाल्या की वडाकडे फक्त आम्हीच जाणार असू तर ते आम्ही दरवर्षी गावातही करतोच, बाकीच्यांनी यावं म्हणून तर एका बसने आलो. सर यावर बराच वेळ गप्प होते.

तिसरा, वड आधी, मग म्युझियम. यात धोका असा की ग्रुप वडापाशी भावुक झाला की म्युझियम बंद व्हायची वेळ येईल, आणि म्युझियमसाठी आलेल्यांना वाटेल आपलं राहिलं.

चौथा, प्राणीसंग्रहालय आणि तारांगण सरळ काढून टाकायचं, म्युझियमला दोन तास, वडाला पाऊण तास, उरलेल्यात ट्रेन जमली तर जमली. आम्ही हा घेतला. मुलांच्या आयांना सरांनी स्वतः जाऊन सांगितलं, आणि हे त्यांचं मला फार आवडलं, कारण वाईटपणा घ्यायची वेळ आली की म्होरके बऱ्याचदा लोकल माणसाला पुढे करतात.

काय केलं: म्युझियम

म्युझियमची संस्था १८८७ ची, इमारत १८९४ ची, मेजर मँट आणि चिझम यांचं काम. शेजारची पिक्चर गॅलरी १९०८ ला बांधायला घेतली, १९१४ ला तयार झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रं यायला उशीर झाला आणि ती १९२१ ला उघडली. हे मी दारातच सांगितलं आणि मग गप्प बसले, कारण लोकांना आत जाऊन बघायचं असतं, ऐकायचं नसतं.

सगळं दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. तीन गोष्टी निवडल्या. निळ्या देवमाशाचा सांगाडा, जो १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आला होता, मुलांना तिथून हलवताच येईना, एका मुलाने त्याची लांबी पावलांनी मोजली आणि दोनदा वेगळी आली म्हणून तिसऱ्यांदा मोजली. मग ईजिप्तची ममी. आणि मग अकोट्याची जैन ब्राँझं, ही माझी आवडती, अकोटा म्हणजे याच शहरातलं, याच विश्वामित्रीच्या काठचं, तिथे जमिनीखाली सापडलेल्या पाचव्या शतकापासूनच्या मूर्ती. नर्सबाई एका मूर्तीसमोर एवढा वेळ उभ्या होत्या की आम्ही त्यांना तिथेच ठेवून पुढे गेलो.

सर मात्र वेगळंच बघत होते. ते म्हणाले, "ताई, माझ्या आजोबांच्या पिढीत आमच्या बाजूला शाळा नव्हती धड, आणि आमच्याच बाजूचा पोरगा इथे येऊन १८९३ ला अमरेलीत सक्तीचं फुकट शिक्षण सुरू करतो, १९०६ ला सगळ्या राज्यात, आणि वर हे." त्यांचे डोळे भरले होते. हे सांगते कारण पुढचा पेच यातूनच आला.

निर्णयाची जागा: गोष्ट कशी सांगायची

साडेतीनला पाऊस आला, आम्ही म्युझियमच्या व्हरांड्यात अडकलो, आणि तिथे सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की वडापाशी तुम्ही काय सांगणार आहात. मी म्हटलं नेहमीचं, बाबासाहेब इथे बसले आणि समाजासाठी आयुष्य द्यायचा संकल्प केला. ते म्हणाले तेवढंच सांगा, पारशी, काठ्या, नोकरीतला त्रास हे नको, महाराजांनीच शिकवलं आणि महाराजांच्याच राज्यात असं झालं हे आज यांच्यासमोर कशाला, दिवस चांगला चाललाय.

मी हो म्हणणार होते. खरं तर मी आजवर बऱ्याच ग्रुपना असंच दोन वाक्यांत सांगत आले होते, कुणी दुखावू नये म्हणून. पण मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं, आणि त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "सर, संकल्प सांगायचा आणि कशामुळे केला ते नाही सांगायचं, मग माझे बाबा एवढ्या लांब काय बघायला आले?"

सरांचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही, अजूनही. सयाजीरावांनी जे दिलं ते कमी नव्हतं, आणि त्या काळात किती राजांनी दिलं असतं. पण बाबासाहेबांच्या लिखाणात एक बारीक गोष्ट आहे जी मी सरांना तिथेच सांगितली. त्यांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. म्हणजे राजाने माणूस शिकवला, परत बोलावला, पण मधली माणसं आणि मधलं शहर बदललं नव्हतं. मी म्हटलं सर, तुम्ही ३० वर्षं शाळा चालवलीत, वरून चांगला जीआर आला आणि खाली फाईल अडली हे तुमच्याइतकं कुणाला माहीत. यात महाराजांना कमीपणा नाही, उलट एकट्या राजाने भागत नाही हे कळतं.

ते काही बोलले नाहीत. पाऊस थांबल्यावर चालायला लागलो तेव्हा म्हणाले, "मग तुम्ही सांगू नका. त्यांच्या वडिलांना वाचू द्या." त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो माझा नव्हता, त्यांचा होता.

वडापाशी

पाचला पोचलो. निळ्या कापडात होतं ते झेरॉक्सचं गठ्ठं, बाबासाहेबांच्या त्या लिखाणाच्या मराठी अनुवादाची पानं, कडा हाताळून मऊ झालेल्या. काकांनी, म्हणजे मॅडमच्या वडिलांनी, उभ्याने वाचलं, गावच्या उच्चारात, मध्ये दोनदा थांबले. पंचवीसेक मिनिटं. हिंदू मित्र म्हणतो माझे नोकर जातील, तिथे एक आजी मोठ्याने "अरे देवा" म्हणाल्या. अर्जाचा भाग आला तेव्हा सरांनी मान हलवली.

इथे माझी दुसरी चूक. जमीन ओली होती आणि मी चटया आणल्या नव्हत्या, सत्तरीच्या माणसांना तेवढा वेळ उभं राहावं लागलं, एका आजोबांना चक्कर आली, नर्सबाई होत्या म्हणून निभावलं, पाणी-साखर देऊन बसवलं. बाजूला लाऊडस्पीकरवर कसलीतरी जाहिरात चालू होती, मागे उभ्या असलेल्यांना अर्धं ऐकूच आलं नाही. जागा आधी येऊन बघितली असती तर हे टळलं असतं, आणि मी तर रोज तिथून जाते.

वाचून झाल्यावर कुणी भाषण केलं नाही. पावलं मोजणारा मुलगा, अकरा वर्षांचा असेल, त्याने मला वेळ विचारली. सहाला दहा कमी होती. तो म्हणाला, "म्हणजे ते अजून दोन तास इथेच बसणार." आणि तो खरंच वडाच्या पाराजवळ जाऊन बसला, त्याच्या आईने ओल्याची पर्वा न करता बसू दिलं.

निकाल

ट्रेन राहिली. दोन लहान मुलं बसमध्ये रडली आणि त्यांचे वडील माझ्यावर चिडले, म्हणाले आम्ही मुलांसाठी पैसे भरले होते. त्यांचं बरोबर होतं, प्लॅनमध्ये ट्रेन लिहिलेली होती. सरांनी त्या दोघांना पुढच्या वेळी स्वतःच्या खर्चाने आणायचं कबूल केलं आणि दिवाळीच्या सुट्टीत खरंच आणलं.

बस साडेसहाऐवजी सव्वासातला सुटली, त्यामुळे ड्रायव्हर नाराज, घाट रात्री उशिरा लागला, सगळे पहाटे पोचले. त्या कट्ट्यावर पुढच्या महिन्यात मॅडमच्या वडिलांना पुन्हा वाचायला बोलावलं, यावेळी पूर्ण, आणि सर मला फोनवर म्हणाले की बसमध्ये नव्हते असेही वीस जण आले होते.

आता मी काय वेगळं करते

सर्वात आधी, प्लॅन पाठवायच्या आधी प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारायला सांगते, तुम्ही बडोद्याला नक्की कशासाठी येताय. उत्तरं म्होरक्याने नाही, प्रत्येकाने स्वतः पाठवायची. या एका प्रश्नाने त्या दिवसाचा निम्मा पेच महिनाभर आधी सुटला असता.

एका दिवसात बागेतल्या दोनच मोठ्या गोष्टी. म्युझियमला दोन तास कमीत कमी. मुलं असतील तर ट्रेन सकाळी, आधी, त्यांचं झालं की ती दिवसभर शांत असतात. चालू-बंद आणि वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारायच्या. पावसाळ्यात काळ्या घोड्याच्या पुलाची पातळी रोज बघायची, आणि नदी चढत असेल तर सहल पुढे ढकलायची, त्यावर चर्चा नाही, २०१९ आणि २०२४ चे पूर ज्यांनी बघितले ते कुणी यात वाद घालत नाहीत.

वडापाशी संध्याकाळीच जायचं, पण शेवटचं म्हणून नाही, दिवसाचं मुख्य म्हणून, मागे एक तास मोकळा ठेवून. चटया, दोन घडीच्या खुर्च्या, पाणी. छोटा स्पीकर मी आता विकत घेतलाय. आणि दोन वाक्यांची गोष्ट मी बंद केली, पानं माझ्याकडे कायम असतात, ग्रुपमधल्या कुणाला तरी वाचायला देते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सहलीत काहीजण असे असतातच ज्यांना वाचन नको असतं, त्यांना बाग बघायची असते, झाडं, फुलं, गार वारा, आणि तेही काही चुकीचं नाही, बाग त्यासाठीच आहे. त्यांना थांबायला सांगायचं की मोकळं सोडायचं, हे मी प्रत्येक वेळी माणसं बघून ठरवते. गेल्या खेपेला मोकळं सोडलं, तर चौघांपैकी तिघं वाचन अर्ध्यात आल्यावर परत येऊन मागे उभे राहिले.